खिल्लारेकाकांचा पंखा

मे महिन्यात परभणीत माणसं पंख्याखालून हलत नाहीत, तेव्हा आमच्या शेजारचे खिल्लारेकाका टेबलफॅन कॉम्प्युटरकडे वळवून स्वतः वर्तमानपत्राने वारा घेत बसायचे. लाइट गेली की इन्व्हर्टरवर चालायचा तोही कॉम्प्युटरच.

काका रिटायर झालेले कारकून. त्यांना नाद टॉरेंटचा. म्हणजे एकाने फाइल ठेवायची, दुसऱ्याने थेट त्याच्या कॉम्प्युटरवरून उतरवून घ्यायची आणि मग आपला चालू ठेवून तिसऱ्याला द्यायची. मी एकदा फाइल घेतली आणि लगेच बंद केलं, तर काकांनी अबोलाच धरला. सुटला तेव्हा म्हणाले, "पंगतीत जेवले अन् वाढायच्या टायमाला पळाले, सर तुमी!"

याचा इतिहासही ते ऐकवतात, कुणी विचारो न विचारो. "पयले एकच मोठा सर्व्हर ऱ्हायचा. कुनाकडं काय हाय ते त्यालाच म्हाईत. कोर्टानं त्यो बंद केला, सगळे बसले बोंबलत. मंग लोकायनं डोकं चालवलं. सर्व्हरच नगं! पाटीलच न्हाई म्हणल्यावर गाव कोन बंद करनार?" पाटलापाशी आले की काका फार खुलतात.

गेल्या उन्हाळ्यात ते लेकीकडे झरीला गेले आणि किल्ली माझ्याकडे दिली. "कॉम्प्युटर बंद पडू देऊ नगा." मग दिवसभर फोन. शेवटी वैतागून मी पडद्यावर पाहिलं, एवढं आहे तरी काय. एकच फाइल होती: 'शांता, बोरी, जयंती'. देणारा एक. घेणारं कुणी नाही.

शांताकाकू म्हणजे काकांची बायको. गायनपार्टीत भीमगीतं गायच्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी फाइल लावली. बोरी गावच्या भीमजयंतीचं रेकॉर्डिंग. कॅसेटची खरखर, ढोलकी आणि काकूंचा मोकळा आवाज. मी शेवटपर्यंत ऐकलं.

काका परतल्यावर म्हटलं, "पेनड्राइव्हमध्ये ठेवा की. पंखा तरी तुम्हाला मिळेल."

"त्यात ठिवलं की ती घरातच ऱ्हाती," काका म्हणाले. "तिला लोकायत गायला आवडायचं. मी बंद केलं तर तिकडं तिचं कोनीच न्हाई, सर."

घरी येऊन मी ती फाइल उतरवून घेतली आणि कॉम्प्युटर चालूच ठेवला. संध्याकाळी काकांनी खिडकीतून हाक मारली.

"सर, देनारे दोन दिसायलेत. दुसरं कोन हाय?"

"मीच."

काकांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. मग हात लांब करून त्यांनी पंखा स्वतःकडे वळवला.