त्रेसष्टावं पान

१

विद्यार्थ्यांना पुस्तकांकडे कसं ओढायचं, हे मला कुणी शिकवू नये! विद्यापीठाच्या ग्रंथालयात अकरा वर्षं देवघेवीच्या काउंटरवर बसतोय. म्हणूनच, आपल्याच प्राध्यापकांनी काय संशोधन केलंय हे मुलांना ठाऊक नसतं, अशी हळहळ बैठकीत व्यक्त झाली आणि मी हात वर केला. महिन्याभरात दारासमोर काचेचं कपाट उभं राहिलं. वर पाटी, 'ओळखा आपल्या सरांचं संशोधन'. आत सगळ्यांचे प्रबंध ओळीने, झाडूनपुसून.

पहिल्या आठवड्यात मुलांनी कपाटाचा भरपूर उपयोग केला. काचेत बघून भांग चांगला पडायचा.

मग तोंडी परीक्षा जवळ आल्या. परीक्षक कोण असेल याचा अंदाज घेत मुलं एकेक प्रबंध नेऊ लागली. एक सोडून. कसरसरांचा.

२

कसरसर प्राणिशास्त्राचे. पुस्तक उघडलं की सळ्ळकन पळते ती चंदेरी कसर, तिला कोणत्या पिठाची खळ जास्त आवडते, या प्रश्नावर त्यांनी उमेदीची सहा वर्षं घातलेली. दर शनिवारी चारला यायचे, स्वतःचा प्रबंध काढायचे आणि थेट मागचा पुठ्ठा उघडून तारखांची चिठ्ठी बघायचे. चिठ्ठी कोरी. प्रबंध जागेवर. "ठीक आहे," असं कपाटालाच सांगून निघायचे. कुणाला तरी घ्यायला आलेला माणूस शेवटचा डबा रिकामा झाल्यावर स्टेशनातून परत फिरतो ना, तसे.

आणि सत्र संपलं की ते निवृत्त होणार होते.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग तुम्ही वाचा की."

मी तिला समजावलं की मी कर्मचारी आहे, वाचणं विद्यार्थ्यांचं काम. तिने सुरी थांबवून नुसतं बघितलं.

३

एका शुक्रवारी, काउंटरवर कुणी नाही असं बघून, मी त्या चिठ्ठीवर शिक्का मारला. एकच! शनिवारी सरांनी तो पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला. आणि जाताना जिन्यावरून शीळ ऐकू आली.

माणसाला दुसऱ्याच्या शिळेचीही चटक लागते. दोन महिन्यांत नऊ शिक्के झाले. खरं वाटावं म्हणून प्रबंध तीन-तीन दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये डब्याशेजारी झोपायचा.

दहाव्या शनिवारी सर काउंटरशी आले. "त्या नऊ जणांना शुक्रवारी माझ्या खोलीत चहाला बोलवायचंय. तेवढा निरोप द्याल?"

नऊ वाचक कुठून आणू? पण पुस्तकं थकवलेले नऊ जण तर हाताशी होते. त्यांना मुदत वाढवून दिली आणि कौतुक करायला एकेक पान वाटून टाकलं. तू एकविसावं, तू चाळिसावं. गळ्यात कायम हेडफोन घालून फिरणारी एक मुलगी होती, तिला त्रेसष्टावं आलं.

"काका, त्यावर आहे काय?"

"ते सरांना माहितीये. तू फक्त त्रेसष्ट म्हण."

४

हे पान चिकटलंय. पुढे चला.

५

सरांनी शेजारच्या खोल्यांतून खुर्च्या गोळा केल्या होत्या. इस्त्रीचा शर्ट. मोजून अकरा कप, म्हणजे माझ्यासाठीही एक. पोरांनी पढवलेलं नीट म्हटलं. सर प्रत्येकाचं वहीत उतरवून घेत होते.

हेडफोनवालीची पाळी आली. "सर, मला त्रेसष्टावं पान फार आवडलं."

पेन्सिल थांबली.

"ते मीसुद्धा पाहिलेलं नाही," सर म्हणाले. "सव्वीस वर्षांत."

त्यांनी कपाटातून आणलेला प्रबंध आमच्याकडे वळवला. बाइंडरची खळ सांडून एकसष्ट ते चौसष्ट पानं एकमेकांना चिकटली होती, अगदी प्लायवूड! सरांना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. सोडवता आली असती. सोडवली नाहीत.

"म्हटलं, पहिला वाचणारा तक्रार घेऊन येईल. म्हणेल, सर, पुढचं वाचता येत नाही." ते बोलत होते मुलीशी, बघत होते माझ्याकडे. "त्या तक्रारीची वाट बघत होतो."

अकरा कपांतल्या चहावर साय धरली.

४ (आता उघडलं)

अकरा वर्षं मी तो प्रबंध पुसला. दोनदा कपाट बदललं, एकदा नवा नंबर टाकला, नऊ शिक्के मारले. पहिलं पान कधी उलटलं नाही. बायकोने सुरी थांबवली त्या रात्रीनंतरही नाही.

एवढंच होतं त्यावर.

६

"सॉरी सर," मुलगी म्हणाली. मग जरा थांबून, "पण आहे काय त्रेसष्टाव्या पानावर?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सर आठवू लागले. आठवेना! शेवटी त्यांनी स्टीलची पट्टी घेतली आणि कड कड करत पानं सोडवली. त्रेसष्टाव्याच्या मधोमध अंगठा जाईल एवढं भोक. कडा कुरतडलेल्या. खळीसकट सगळा तक्ता फस्त.

सरांनी पान उजेडात धरलं आणि भोकातून आमच्याकडे पाहिलं.

"एक जण पोचला होता म्हणायचं इथवर," ते म्हणाले, आणि हसले. मग आम्हीही हसून घेतलं.

मुलीने हात पुढे केला. "उरलेलं मी घरी नेऊ?"

७

काउंटरवर चिठ्ठी उघडली. नऊ चौकटी, नऊही मीच भरलेल्या. खरा वाचक आला तर शिक्का मारायला जागा नाही! जुनी चिठ्ठी फाडली, नवी चिकटवली, एकच शिक्का मारला. प्रबंध मुलीच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सर चारला आले. कपाटातल्या रिकाम्या जागेत त्यांनी बोट फिरवलं आणि प्रबंध परत कधी येणार ते विचारलं. शुक्रवारी, म्हटलं.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाही. चिठ्ठी चिकटवायच्या गडबडीत माझ्याकडून खळ जरा जास्त झाली. शेवटची चार पानं पुठ्ठ्याला चिकटली असणार.

आज गुरुवार. मुलगी तिथवर पोचली, तर तक्रार घेऊन येईल. सकाळपासून मी दाराकडे बघत बसलोय.