चूल नसलेली खोली

गुलाबभाऊ आमच्याकडे चहाला आले, की आधी कुंपण मोजायचे. खिशात गाठी मारलेली सुतळी असे. ती कुंपणापासून भिंतीपर्यंत ताणायची, गाठी चाचपायच्या, मगच चप्पल काढायची. यवतमाळच्या नगरपालिकेचे बांधकामाचे नियम त्यांना तोंडपाठ. नोकरी मात्र तिथे नव्हती, त्यांचं किराणा दुकान होतं.

त्यांच्यापायी आमची नवी न्हाणी हातभर मागे सरकली. "वहिनी, पाडा असं मी नाही म्हणून राह्यलो. कायदा म्हणून राह्यला."

त्यामुळे त्यांनी स्वतःच्या परसात खोली काढली, तेव्हा सगळी गल्ली सुतळी शोधू लागली. नियम असा, की एका प्लॉटवर एकच घर. परसात गुरांचा कोठा चालेल. पण त्यात चूल मांडली की ते दुसरं घर, आणि ते पाडायचं. गुलाबभाऊंनी कोठ्याची परवानगी काढली. कोठ्याला खिडकी, कोनाडा, आणि मागच्या बोळात उघडणारं वेगळं दार.

"गाय खिडकीत बसते काय, भाऊ?" मी विचारलं.

"हवा लागते तिले."

एस.टी.ने उमरखेडहून आली ती त्यांची विधवा बहीण, चंद्राबाई. दिरांनी घराबाहेर काढलेली. ट्रंक खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "दादा, तुह्या घरी वहिनीच्या चुलीवरचं मी जेवणार नाही. चूल माही असन तं राहीन, नाही तं आली तशी जाईन."

गुलाबभाऊंनी बाजारातून शेगडी आणली. "चूल जमिनीत असते. हे तं उचलता येते."

कोणीतरी तक्रार केलीच. नगरपालिकेचा ओव्हरसियर आला, तेव्हा शेगडीवर वरण उकळत होतं. गुलाबभाऊंनी धोतराच्या सोग्याने शेगडी पातेल्यासकट उचलली आणि परसभर चालू लागले. "पाहा साहेब, चूल अशी फिरते काय?"

वरण सांडलं. सोग्यातून धूर निघाला.

"ठेवा हो खाली, हात भाजून राह्यले तुमचे."

"पहिले लिहा, खोलीत चूल नाही म्हणून."

साहेबाने लिहिलं.

त्यांच्या हातांना मलम लावताना मी म्हटलं, "एवढं कायले? समजूत काढली असती तिची, तर जेवली असती तुमच्याकडे."

"वहिनी, भाऊबिजेले भावानं बहिणीच्या घरी जाव लागते. तिले घर तं पायजे."

भाऊबिजेला नवा सदरा घालून, पट्टी बांधलेल्या हातांत साडीचा पुडा धरून ते पुढच्या दाराने बाहेर पडले. परसातून चार पावलं होती, पण त्यांनी गल्लीला वळसा घातला आणि मागच्या बोळात, त्या खोलीच्या दाराशी, पाहुण्यासारखे खाकरले.

"कोण हाय?" आतून चंद्राबाईंनी विचारलं.

गुलाबभाऊंनी चप्पल काढली. सुतळी खिशातच राहिली.