उलटा धवला

२००५ सालचा मे महिना. लग्नसराई ऐन भरात होती, आणि भिवंडीजवळच्या वळ गावच्या जानकीबाईने भर ओटीवर जाहीर केलं, "दोन दिस मी पणजीला चाल्ले. दर्यावर नुस्ती बसनार. त्या दोन दिसांत तोंडातून एक जरी धवला निंघाला, तर नाव बदलीन!"

धवला म्हणजे आम्हा आगऱ्यांचं लग्नातलं गाणं. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला वेगळा. तो गाते ती धवलारीण, आणि ती गायली नाही तर आमच्यात लग्न लागलं असं कुणी मानत नाही, मग भटजी कितीही ओरडो! जानकीबाई तीस वर्षं गात होती. तिने गायलेल्या लग्नांतलं एकही मोडलं नव्हतं. भांडणं झाली, ताटं उडाली, एका नवऱ्याने तर बायकोला भिऊन चिंचेवर रात्र काढली. पण जोडपं सुटलं नाही! या गोष्टीचा तिला इतका अभिमान, की देवापुढेही ती जरा ताठच उभी राहायची.

पण त्या वर्षी सलग अठरा लग्नं झाली आणि तिच्या घशातून वडप्याच्या चढावर अडकलेल्या ट्रकसारखा आवाज यायला लागला. धाकट्या बहिणी, कमळा आणि फशी, पिशव्या भरून तयारच होत्या. जानकीबाईचा नवरा काळूराम तेवढा कुरकुरला.

"दोन दिस माझ्या जेवनाचं काय?"

"गोदामावरचे वॉचमन सोताचं करून खातात. जा, बसून शिक जरा!"

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. तिघी मिरामारच्या वाळूवर पाय पसरून बसल्या, तिथल्या मासळीला नावं ठेवली आणि तीच मासळी दोनदा मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फशी किंचाळली, "अगो बाय, ती बघा नवरानवरी!"

वाळूत दोन पाट मांडलेले. त्यावर शालू नेसलेली नवरी आणि फेटा बांधलेला नवरा. वर एक छत्री. आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही! ना मामा, ना करवली. नवरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"पलून आलेत," कमळाने निकाल दिला.

जानकीबाईने जवळ जाऊन नवरीच्या डोक्यावर हात ठेवला. "काय नाव गो पोरी?"

"करिष्मा," ती डोळे टिपत म्हणाली. "ऊन किती लागतंय हो, आजी!"

"घरी ठावं हाय?"

"नाही ना! बाबांना कळलं तर तंगडं मोडतील."

तिन्ही बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग जानकीबाई नवऱ्याकडे वळली. "आन लग्न कवा लागनार?"

तो कुणाल नावाचा मुलगा वैतागून म्हणाला, "कसलं कवा! सकाळपासून अकरा वेळा हार घातलेत. त्यांना पसंतच पडत नाही. आता सगळे जेवायला गेलेत, आणि आम्हाला सांगितलंय, कपडे चुरगळतील, हलू नका!"

"अकरा वेला!" फशीने तोंडावर पदर घेतला. "आन तरी लागत न्हाय?"

"लागंल कसं?" जानकीबाई कडाडली. "पोरीच्या अंगाला हलद न्हाय, कोनी धवला गायला न्हाय! शंभर हार घातलेत तरी लागायचं न्हाय!"

"ताई, नाव बदलावं लागंल," कमळाने आठवण केली.

"बदल! काय ठेवायचं ते ठेव!"

धवलारणीच्या पिशवीत हळदीची पुडी नाही असं कधी होत नाही. पाण्यात कालवली आणि करिष्मा "अहो, मेकअप, मेकअप!" म्हणेपर्यंत फशीने तिला कपाळापासून कोपरापर्यंत पिवळी केली. पोरी हळदीला लाजतातच, म्हणून कमळाने हात धरून ठेवले. आणि जानकीबाईने सूर लावला. काय तो आवाज! घसा एका रात्रीत सुटला होता. चणेवाले आले, फुगेवाले आले, चड्डीतले चार परदेशी पाहुणे आले आणि काय चाललंय ते न विचारताच नाचायला लागले! हळदीचा झाला, मांडवाचा झाला, लग्न लागल्याचाही धवला झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात टोपीवाला एक माणूस हातात भाताची ताटली घेऊन धावत आला.

"ये क्या किया! अरे, गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात आहे ही! आणि नवरीला कावीळ झालीय!"

कॅमेऱ्यावरचं फडकं कुणीतरी ओढलं, तेव्हा बहिणींच्या डोक्यात प्रकाश पडला. करिष्मा उन्हाने रडत होती. घरच्यांना माहीत नव्हतं ते जाहिरातीचं.

"मग दोघं नवरानवरी न्हाय?" जानकीबाईने विचारलं.

"नाही हो, आजी," कुणाल फेटा काढत म्हणाला. "माझं लग्न झालंय. बायको पुण्याला असते."

जानकीबाई वाळूत मटकन बसली. तीस वर्षांत एक लग्न मोडलं नव्हतं, आणि हे तर लागल्या लागल्या मोडलेलं! "माझी पत गेली गो, कमळे!"

"मोडलं कसं? सोडव," कमळा म्हणाली. "उलटा गा!"

अशी चाल कुणी ऐकली नव्हती. पण जानकीबाई उठली. शेवटच्या धवल्यापासून पहिल्यापर्यंत, ओळीसुद्धा खालून वर! फशी करिष्माला समुद्रात उभी करून हळद खसाखसा धूत होती, कमळा कुणालला पाटाभोवती उलटा चालवत होती, आणि परदेशी पाहुणे समजूतदारपणे उलटे नाचत होते. टोपीवाला कपाळाला हात लावून बसला; मग एकाएकी ओरडला, "कॅमेरा चालू करा!"

ती जाहिरात टीव्हीवर आली खरी. क्रीमची नाही, अंगाच्या साबणाची! टोपीवाल्याचं त्यावर बरंच नाव झालं. करिष्मा बाबांची समजूत घालून मुंबईला गेली, पुढे दातांच्या एका डॉक्टरशी लग्न करून सुखात आहे. कुणाल अजून पुण्याच्याच बायकोचा आहे. कमळा दर उन्हाळ्यात पणजीला जाते, आणि फशीला अजून वाटतं की ते परदेशी पाहुणे मुलीकडचे होते.

जानकीबाईची पत मात्र भलत्याच वाटेने वाढली. जाहिरात बघून भिवंडी तालुक्यातली कंटाळलेली जोडपी तिच्या ओटीवर यायला लागली. "मावशी, आमचं पन सोडवा ना!" ती सगळ्यांना चहा पाजून, शिव्या घालून परत पाठवायची.

एका दुपारी ओटी रिकामी बघून काळूराम हळूच जवळ येऊन बसला. ते दोन दिवस स्वतःच्या हातचं खाऊन तेव्हाच त्याची संसाराची चव गेली होती. म्हणाला, "लोकांचं राहू दे. आपल्यासाठी एकदा गाऊन बघतेस काय, उलटा?"

जानकीबाईने सुपारी कातरत त्याच्याकडे पाहिलं.

"मी गाऊन काय उपेग? जिनं बांधलं तिनंच सोडायचं असतं. आपल्या लग्नात गायलेली म्हातारी मरून वीस वर्षं झाली. आता बस असाच!"