लाल अक्षरांतलं भांडण

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परतली, तेव्हा खुर्ची जागेवर होती. शब्द मात्र बदलले होते.

"कीवर्ड म्हणू नका ताई," शेजारच्या टेबलावरचा नवा सहकारी म्हणाला. "आता इंटेंट म्हणतात."

"आणि लिंक ज्यूस?"

"ज्यूस आता कोणी पीत नाही. ऑथॉरिटी."

काम तेच होतं: लोक शोधताना काय टाइप करतात ते हेरायचं, इतर साइटींवरून दुवे मिळवायचे आणि गिऱ्हाइकाची वेबसाइट इंटरनेटच्या शोधात वर आणायची. हे गिऱ्हाईक म्हणजे बाळांच्या गाद्या करणारे काका. त्यांचं दुकान शोधात पार तळाला गेलं होतं. "गाद्यांचं हे नवं पान चाललं नाही तर काका दुसरीकडे जातील," मॅनेजरबाई म्हणाल्या. "मग तुला कुठल्या कामावर ठेवू, तूच सांग."

तिने कंबर कसली.

ऑफिसची पद्धत अशी, की मसुद्यातच एकमेकांना लाल अक्षरांत शेरे लिहायचे आणि पान प्रसिद्ध होण्याआधी पुसायचे. तिने 'कीवर्ड' लिहिलं. खाली लाल शेरा आला, 'जुना शब्द.' तिने लिहिलं, 'शब्द जुना, काम चालू.' बघता बघता शेरे गादीच्या वर्णनापेक्षा लांबले.

'नाव काहीही ठेव. बाळाला खांद्यावर टाकून एका हाताने टाइप करताना कुठली आई तुझं "शिशुसुखद शय्या" शोधते? ती लिहिते, बाळ गादीवर ठेवलं की रडतं, काय करू.'

'ताई, यालाच इंटेंट म्हणतात.'

'यालाच आम्ही कीवर्ड म्हणत होतो. तू तेव्हा शाळेत होतास.'

पुसायचं कोणी? ज्याने सुरुवात केली त्याने, असं तिचं मत. शेवटचा टोमणा ज्याचा त्याने, असं त्याचं. शुक्रवारी संध्याकाळी, ठरवून ठेवलेल्या वेळी, पान आपोआप प्रसिद्ध झालं.

सोमवारी सकाळी बाळाला सासूबाईंकडे देऊन ती ऑफिसात आली आणि तिने पान उघडलं. सगळं लालेलाल. ती पुसायला गेली, तर सूचना आली: दुसरी व्यक्ती बदल करत आहे.

"तू बाहेर पड आधी," ती म्हणाली.

"तुम्ही पडा. मला तुमचंच नाव दिसतंय."

"मी पुसल्याशिवाय हलणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. काका होते.

"ते लाल अक्षरांतलं कोणी लिहिलंय?"

"पुसतोच आहोत काका."

"हात लावू नका. शनिवारपासून आयांचे फोन थांबत नाहीत. आमचंही ठेवलं की रडतं, म्हणतात. गादीचं कोणी वाचत नाही, थेट भांडणावर येतात. आणि मग गादीही मागतात." काकांनी लगेच विचारलं, "पुढचं कधी टाकताय?"

"पुढचं काय?"

"भांडण."

तिने फोन ठेवला. सहकारी घसा खाकरून म्हणाला, "ताई, खरं सांगू? विचार केला तर कीवर्डही काही वाईट नाही."

"आता पटवून घेऊ नकोस," ती म्हणाली. तिने नवा मसुदा उघडला, लाल रंग निवडला आणि ठसठशीत लिहिलं, 'ज्यूस.'