व्हाया स्लायगो

डब्लिनच्या विमानतळावर बसने जायचं की घरमालक पॅकी अंकलच्या गाडीने, एवढाच प्रश्न होता. क्वेकू अन्साने गाडी निवडली, कारण बस उत्तरेतून जाते. उत्तर आयर्लंड म्हणजे ब्रिटनचा मुलूख, आणि क्वेकूजवळ होता आयर्लंडचा विद्यार्थी व्हिसा. घानाचा पासपोर्ट घेऊन ब्रिटनमध्ये शिरायचं तर वेगळा व्हिसा लागतो, मग तुम्ही बसमध्ये डोळे मिटून बसलेले का असाना. (मेंढ्यांना लागत नाही. त्या दिवसभर जा-ये करत असतात.)

क्वेकू राहायचा डोनेगल जिल्ह्यातल्या लेटरकेनीला. तिथून ही सरहद्द गाडीने अर्ध्या तासाच्या आत. सरहद्दीवर ना फाटक, ना शिपाई. डांबराचा रंग जरा बदलतो, बस्स. डोनेगलची माणसं केस कापायलासुद्धा पलीकडे जातात. क्वेकू मात्र इथे शिकायला आल्यापासून त्या दिशेला फिरकला नव्हता. वर्गाची सहल पलीकडे गेली, हा घरी. मित्राचा वाढदिवस पलीकडच्या हॉटेलात झाला, हा घरी, पास्ता उकडत. "तुझ्याइतकी ती सरहद्द आमच्या सरकारनेसुद्धा कधी मनावर घेतली नाही," असं त्याची घरमालकीण नोरीन आंटी म्हणायची.

पण या खेपेला गंमत नव्हती. केप कोस्टला त्याच्या बहिणीचं, एसीचं लग्न होतं. वडील गेलेले, त्यामुळे त्यांच्या जागी थोरल्या भावाने उभं राहायचं. मुलाकडचे पेयाच्या बाटल्या घेऊन येतात, आणि मुलीला चारचौघांत तीनदा विचारायचं असतं, "या घ्यायच्या का?" ती तीनदा हो म्हणाली की लग्न. हे विचारायचा मान क्वेकूचा. त्याचं रहिवासाचं नवं कार्ड वेळेत आलं नाही म्हणून लग्न एकदा पुढे ढकललं होतं. आता कार्ड आलं होतं, आणि मुलाकडच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा थांबणार नाही.

"अंकल, स्लायगोवरून जायचं हं," सुटकेस डिकीत ठेवताना क्वेकू म्हणाला. तो रस्ता लांबचा, पण सगळा आयर्लंडमधूनच जाणारा.

"स्लायगोवरून? पोरा, स्लायगोवरून डब्लिनला टुरिस्ट जातात."

"मला व्हिसा नाहीये ना."

"कसला?"

"ब्रिटनचा."

"आपण ब्रिटनला कुठे चाललोय? आपण डब्लिनला चाललोय!"

"त्याला हवं तसं ने रे," नोरीन आंटी दारातून ओरडली. मग नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आणि येताना कोळसा विसरू नकोस."

परीक्षा आदल्याच दिवशी संपली होती. गावाबाहेर पडायच्या आत क्वेकूची मान खिडकीवर कलली. (सज्जन माणूस झोपला की जगात काय काय उलथापालथ होते, याचा त्याने कधी विचार केला नव्हता.)

जाग आली ती गाडीचं बूड खाली बसल्यामुळे. पॅकी अंकल मागे पोती भरत होता. समोर पेट्रोल पंप होता, आणि पंपावरचे भाव पौंडात होते.

"अंकल, हे कुठे आलो आपण?"

"ओमा गेलं मघाशी. बरंच अंतर कापलं बघ तुझ्या झोपेत."

"ओमा उत्तरेत आहे!"

"मग! म्हणून तर जवळ पडतं."

"पण मी स्लायगो म्हटलं होतं!"

"तू झोपला होतास. झोपलेल्या माणसाला कुठला रस्ता काय! आणि येताना इथलं दुकान बंद झालेलं असतं. थंडीत आंटीला धुराचाच कोळसा लागतो. आपल्याकडे तो विकायला बंदी आहे." त्याने शेवटचं पोतं क्वेकूच्या सुटकेसवर आदळलं. "चल, बस. इथे कोणी विचारत नाही."

आणि खरंच कोणी विचारत नव्हतं. तेवढ्यात एक पोलीस हातात चहा आणि सॉसेज रोल घेऊन दुकानातून बाहेर आला, आणि "थंडी फार पडलीय, नाही?" एवढंच म्हणाला. माणसाने "हो ना" म्हणावं आणि गाडीत बसावं. पण क्वेकूचे वडील हेडमास्तर होते. घाबरलेल्या क्वेकूच्या तोंडून तेच बोलले.

"साहेब, मी आत्ता बेकायदेशीरपणे तुमच्या देशात उभा आहे."

पोलिसाने पॅकी अंकलकडे पाहिलं. पॅकी अंकलने कोळशाकडे पाहिलं.

"मी चहा घ्यायला आलोय," पोलीस कळवळून म्हणाला. "मी तुम्हाला काही विचारलं का?"

"नाही, पण खरं सांगितलेलं बरं."

"कोणासाठी बरं? गुपचूप निघून गेला असतात तर मी हात हलवून टाटा केलं असतं! आता मला कळलं. हे कळलेलं मी आता कुठे ठेवू?"

त्याने फोन लावला. फोनमध्ये बराच वेळ गाणी वाजत होती. सॉसेज रोल संपला, दुसरा आणला, तोही संपला. क्वेकू घड्याळाकडे बघत होता. शेवटी पलीकडून कोणीतरी बोललं, आणि पोलिसाचा चेहरा खुलला.

"सोपं आहे. ज्या देशातून आलात तिकडे परत जायचं."

"आयर्लंडला?"

"आयर्लंडला."

"तिकडेच चाललोय! हा रस्ता पुढे अर्ध्या तासात आयर्लंडलाच जातो."

"पुढचं नाही. मागचं. आल्या वाटेने, असं म्हणालेत."

"पण साहेब, पुढचं काय आणि मागचं काय, आयर्लंड एकच आहे!"

पॅकी अंकलने त्याचा दंड घट्ट धरला. "हे वाक्य इथे मोठ्याने बोलू नकोस, बाळा," तो कानाशी पुटपुटला. "ह्याच्यावरून आमच्याकडे फार रामायण झालंय."

पोलीस बिचारा खरंच भला होता. सरहद्दीवरच्या पुलापर्यंत त्यांच्यामागे गाडी घेऊन आला आणि जाताना काच खाली करून म्हणाला, "आता स्लायगोवरून जा. तो रस्ता सुंदर आहे."

त्यांनी स्लायगो पाहिलं. तिथल्या चिप्सच्या दुकानासमोर गाडी उभी असताना विमानाची वेळ होऊन गेली. पॅकी अंकलने चिप्सचा पुडा पुढे केला. क्वेकूने तो घेतला नाही. तो रडत होता, आणि त्याला राग पॅकी अंकलचा नव्हता, पोलिसाचा नव्हता. खरं बोलायचं नेमकं त्याच वेळी कसं सुचलं, याचा होता. कोळसा मात्र सुखरूप घरी पोचला. त्याला कुठेही कोणी काही विचारलं नाही.

दुसरं तिकीट मिळेपर्यंत लग्न होऊन जाणार होतं. म्हणून शनिवारी नोरीन आंटीच्या स्वयंपाकघरात दुधाच्या खोक्याला फोन टेकवून क्वेकू वडिलांच्या जागी उभा राहिला. लग्नासाठी आईने पाठवलेला पांढरा लेसचा सदरा त्याने घातला होता. नोरीन आंटीने तो दोनदा धुतला होता, तरी खांद्यांपासून खाली कोळशाचे काळे डाग तसेच होते.

"एसी, या बाटल्या घ्यायच्या का?"

"हो, दादा."

"एसी, घ्यायच्या का?"

"हो." ती हसत होती, डोळे पुसत होती.

तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं आणि चित्र थिजलं. पुन्हा हललं तेव्हा केप कोस्टला सगळे नाचत होते. तिसऱ्यांदा कोजो मामाने विचारून टाकलं होतं, आणि छान, खणखणीत आवाजात विचारलं होतं म्हणे.

फोन कोणत्या तरी मावशीच्या हातात गेला. "अरे, हा काळा सदरा काय घातलास? कोणी वारलं का तिकडे?"

मग पडद्यावर आई आली. शेजारी मुलाची आई होती, दागिन्यांनी लवलेली. "हे तुमचे थोरले ना?" तिने विचारलं. "बहिणीच्या लग्नाला नाही आले?"

आईने मान ताठ केली. "त्याला कुठली सवड! ह्याच आठवड्यात ब्रिटनला जाऊन आलाय तो."

"हो का!" विहीणबाई फोनच्या अगदी जवळ आल्या. "मग ब्रिटनहून आमच्या सुनेला काय आणलंत?"

नोरीन आंटी शेगडीत फावडं रिकामं करत होती. क्वेकूने तिकडे पाहिलं. एकदा खरं बोलून झालंच होतं.

"कोळसा," तो म्हणाला.