मासळीबाजारातला रियाज

आमच्या शेजारच्या पारूकाकीने गावातल्या प्रत्येकाला एकेका माशाचं नाव दिलं होतं. खेकड्यासारखा तिरका चालणारा पोस्टमन म्हणजे कुर्ली, कोळंबीसारख्या लांब मिशांचे सरपंच म्हणजे सुंगट आणि काटकुळा मी सुको बांगडो. कुणकेश्वरात तीस वर्षं मासे विकणाऱ्या बाईशी या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी शाळामास्तर. पोरांसमोर पेटी घेऊन गाताना वाघ, पण स्टेजवर माईक दिसला की घसा बंद. एका वर्षी गावच्या भजनात माझी पाळी आली, तेव्हा मी नुसता पेटीचा भाता हलवत बसलो. लोकांना वाटलं, मास्तर वारा घालतायत. शेवटी पखवाजवाल्यानेच गाऊन वेळ निभावली. पुढे महिनाभर मी आडवाटेने शाळेत जात होतो.

त्याच आडवाटेवर काकीने मला गाठलं.

"मेल्या, भियतंस कोणाक?"

"लोक बघतत गो, काकी."

"रविवारी पेटी घेवन बाजारात ये."

गेलो. तिने माशांचा एक क्रेट पालथा घातला, त्यावर पेटी ठेवली आणि स्वतः बांगड्यांवर पाणी शिंपडायला लागली. मी डोळे मिटून अभंग सुरू केला.

"मास्तरानू, जरा सरका, मासे दिसनत नाय," एक गिऱ्हाईक म्हणालं. मी सरकलो आणि गात राहिलो. दुसरीने विचारलं, "सुरमय ताजी आसा?" आलाप न तोडता मी मान हलवली. तिने लगेच घेतली. विक्रीत मला गती आहे, हे तेव्हा कळलं.

एक सोवळे गृहस्थ भडकले, "मासळीबाजारात अभंग?"

"देवाक खंयसूनय ऐकाक येता," काकी म्हणाली. "तुमका कित्याक त्रास?"

मग माझ्याकडे वळली. "बघलंस? लोक बांगडे बघतत. तुका कोण बघता?"

अपमान होता, पण अंगाला लागला. तीन महिने दर रविवारी गायलो.

मग देवळासमोर पुन्हा भजन ठरलं. काकीने पहिल्या रांगेत बसायचं जाहीर केलं होतं. मी स्टेजवर बसलो. समोर पोरांनी नवे मोबाईल रोखलेले, आणि काकीची खुर्ची रिकामी. पहिली ओळ चिरकली. दुसरी कशीबशी लागली. तिसरीला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि मग मी थांबलोच नाही.

संपल्यावर काकीवरच्या रागाने मागच्या बाजूला आलो. स्टेजच्या शेवटच्या पायरीवर काकी नवं लुगडं नेसून बसली होती.

"तू हंय कित्याक बसलंस? पुढे खुर्ची ठेवलेली तुका."

तिने पदराने तोंड पुसलं. "माका वाटला, तू पळतलंस. माझो झील, पोटचो पोरगो, असोच मागच्या दारान गेलो मुंबयक. तेव्हा थंय अडवूक कोण नाय होता. म्हणान बसलंय."

मी तिच्या शेजारी टेकलो. स्टेजवर दुसऱ्या बुवांनी सूर लावला होता. त्यांचं भजन संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून ऐकत राहिलो.