शर्वाणीबाईंच्या फायली उघडेनात, त्या पाच दिवसांची हकीकत

श्री गजवदन, श्री शारदा, आणि तान्ह्या लेकरास दोन घटका झोप देणारी सटवाई माउली, या तिघांस वंदन करोन लिहिले ऐसी जे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, पौष वद्य षष्ठी सोमवार ते दशमी शुक्रवार, या पाच दिवसांत एका संस्थानी जे वर्तमान जाहले ते आदिअंत येथे मांडिले आहे. पुढे जी कोणी बाळंत होऊन त्या संस्थानी चाकरीस परत येईल आणि आपले यंत्र हट्ट धरोन बसले ऐसे पाहील, तिने हे आधी वाचावे. पदरचे काही घातले नाही. कडू लागले तर वस्तूच कडू, त्यास इलाज नाही.

संस्थान थोर. सात मजली काचेची इमारत, दारी हजेरीचे यंत्र, आत हवा सदा माघासारखी थंड. दौलत म्हणावी तर शेत ना शिवार, अवघी दौलत कोडाची, म्हणजे यंत्राने काय करावे त्या आज्ञांच्या लिखाणाची. गावोगावच्या गाड्यांतील आसने घरबसल्या राखून ठेवावयाची जी व्यवस्था लोक वापरतात, तिचा कोड चौथ्या मजल्यावर शर्वाणीबाईंनी चार वर्षे खपून लिहिला होता. मग बाईंस दिवस गेले आणि आषाढात कन्यारत्न जाहले, नाव शाल्मली ठेविले. बाईंचे यजमान खासा येऊन चौथ्या मजल्यावर बर्फी वाटून गेले आणि सर्वांनी तोंड गोड केले. आणि सहा महिने पुरे होताच, लेकरास सासूबाईंच्या मांडीवर देऊन, लेकरू रडले तेव्हा मागे वळून न पाहता, कारण पाहिले असते तर जिन्यावरूनच परतणे घडते, बाई सोमवारी नऊ वाजता कचेरीत रुजू जाहल्या.

खुर्ची बदलली होती. जुन्या जागी निशिकांत म्हणोन तरुण गृहस्थ बसले होते, त्यांनी उठून नमस्कार केला आणि कोडाची चालू प्रत बाईंच्या यंत्रावर आणून ठेविली. बाईंनी एडिटर उघडिले. एडिटर म्हणजे ज्या खिडकीत कोड वाचावा, लिहावा, दुरुस्त करावा ती खिडकी. साध्या मजकुराची चिठ्ठी उघडून पाहिली, तो निमिषात उघडली. मग सोर्स कोडची फाइल उघडिली, आणि खिडकी पांढरी फटक पडली, चक्र फिरू लागले, आणि फिरतच राहिले. बाईंनी बंद करोन पुन्हा उघडिले, तीच गत. दुसरी फाइल, तीच गत. दुधाची वेळ झाली तेव्हा चक्र फिरते ठेवून बाई मोडक्या खुर्च्यांच्या कोठीत गेल्या, दाराला आतून स्टूल लावून बाटली भरली, पदर सावरून परत आल्या, तरी चक्र फिरतच होते.

तेव्हा त्या मजल्याचे कारभारी यशोधनराव आले. गृहस्थ बोलण्यास गोड, चालण्यास मऊ, पावलांचा आवाज नाही. खिडकी पाहोन हसले आणि बोलिले, "काय शर्वाणी, यंत्रही बाळंतीण झालं वाटतं?" आजूबाजूचे चार जण हसले. बाई बोलिल्या, "फाइल उघडत नाहीये सर. साधी उघडते, कोडची नाही." यशोधनराव बोलिले, "अगं, सहा महिने पाळण्याची दोरी ओढलीस. हात विसरतात. होतं असं. बंद करून चालू कर." बाई बोलिल्या, "सात वेळा केलं." "मग आठव्यांदा कर," ऐसे बोलोन जाऊ लागले, आणि जाता जाता सहज वळून मुख्य गोष्ट बोलिले. ती ऐसी की, एकच आसन दोघांस मिळते म्हणोन प्रवाशांच्या तक्रारी फार, तो दोष बाईंनी शुक्रवारच्या दरबारापूर्वी काढावा. न निघाल्यास आरक्षणाचे काम कायमचे निशिकांताकडे आणि बाईंची नेमणूक मदत-खात्यात, वेळ दुपारी दोन ते रात्री अकरा. "तिथं काम हलकं आहे," बोलिले, "तुझ्याच सोयीचं." रात्री अकरा आणि सहा महिन्यांचे लेकरू, यांत सोय कोणाची हे बाईंस बोलता आले नाही, कारण पदर भिजला होता आणि त्या घटकेस त्यांनी कागदांचा गठ्ठा छातीशी धरला होता.

मंगळवारी ज्यास त्यास सल्ला देण्याचे स्फुरण आले. एक बोलिला एडिटर काढून नव्याने घालावे, बाईंनी घातले, व्यर्थ. एक बोलिला यंत्र जुने आहे, तर निशिकांतांचे यंत्र त्याच वयाचे, त्यावर फाइल चुटकीसरशी उघडे. मग बाईंस आपलाच संशय येऊ लागला, की खरेच काही कळ दाबावयाची आपण विसरलो काय. हा संशय वाईट. यंत्राचा दोष सापडतो, आपल्यावरचा संशय सापडत नाही, नुसता पसरतो. परंतु ज्या बाईने पोट दुखते की कान दुखतो हे न बोलत्या लेकराच्या रडण्यावरून ताडले, ती यंत्रासमोर हात जोडून बसणारी नव्हे. बाईंनी एक फाइल तिच्या ठिकाणाहून उचलोन दुसरीकडे नक्कल करोन उघडिली, तो तत्काळ उघडली. म्हणजे दोष फायलीत नाही, ठिकाणात आहे. मग यंत्राची नेटवर्कची तारच उपटून काढिली, आणि मूळ ठिकाणची फाइल उघडिली, तीही तत्काळ उघडली! म्हणजे एडिटर बिघडले नाही, ते कोणाची तरी वाट पाहात बसले आहे. तार नसली की आशा सोडते आणि काम करते, तार असली की उत्तराच्या आशेने गोठते. मग एडिटरास ज्या अकरा जोडण्या, म्हणजे वरच्या जादा सोयी, लाविल्या होत्या त्यांतील निम्म्या बंद केल्या, मग उरलेल्यांतील निम्म्या, ऐसे करता करता एक सापडली. तिचे काम इतकेच की, कोडची फाइल उघडली म्हणजे ती संस्थानाच्या मोठ्या सर्व्हरास, म्हणजे जेथे सर्वांचा कोड एकत्र जमा असतो त्या यंत्रास, पुसे, या ओळी कोणी कोणी लिहिल्या, आणि ती नावे समासात दाखवी. निरुपद्रवी विचारपूस. सर्व्हर त्यास उत्तरच देत नव्हता.

ती जोडणी बंद केली आणि बुधवारी दुपारपर्यंत बाईंनी आरक्षणाचा दोषही हुडकला. पैसे भरता भरता कोणी मध्येच मागे फिरला तर आसन मोकळे होई आणि राखलेलेही राही, तो दोष आठ ओळींत मिटला. हात काही विसरले नव्हते. परंतु दुरुस्ती सर्व्हरावर जमा करू गेल्या तो तेथेही चक्र. नकार नाही, होकार नाही. मग गुरुवारी बाई तळमजल्यास मुल्लाभाईंकडे गेल्या. मुल्लाभाई म्हणजे सर्व्हरांचे दारवान, साठीला टेकलेले, कोणाची भीड न धरणारे.

मुल्लाभाई बोलिले, "या ताई. लेक कशी आहे? दात आले का?" बाई बोलिल्या, "हिरड्या शिवशिवतात, सगळं चावते. भाई, तुमचा सर्व्हर माझ्याशी बोलत का नाही?" मुल्लाभाईंनी चष्मा चढवोन पाहिले आणि बोलिले, "बोलेल कसा? ज्यांना आत घ्यायचं त्या यादीत तुमचं नाव नाही." बाई बोलिल्या, "मग सरळ सांगत का नाही, नाव नाही म्हणून?" मुल्लाभाई हसले, ते हसू बरे नव्हते. बोलिले, "दाराला तसा हुकूम आहे. नाही म्हटलं तर माणूस तक्रार घेऊन येतो. गप्प बसलं की माणूस स्वतःचं यंत्र बडवत बसतो." मग नोंदवही काढिली आणि बोट ठेविले. आषाढ वद्य द्वितीया, दुपारी तीन वाजून बत्तीस मिनिटे, शर्वाणीबाईंचे नाव काढिले, हुकूम यशोधनराव यांचा. बाई बोलिल्या, "त्या दिवशी दोन वाजता माझ्या घरून बर्फी आली होती." मुल्लाभाई बोलिले, "हो ना. मीपण खाल्ली. दोन तुकडे."

मग बाईंनी विचारिले, "भाई, या हुकमानं आणखी कोणाची नावं निघाली?" मुल्लाभाई बराच वेळ वही उलटत राहिले. तीन निघाली. यशोधनरावांच्याच मजल्यावरची तीन बाईमाणसे, पाच वर्षांतील. त्यांतील पहिल्या हेमांगीबाई. तिघी बाळंत जाहल्या, तिघींची नावे त्याच आठवड्यात निघाली, तिघी परत आल्या, तिघींच्या फायली उघडेनात, तिघींस हात विसरले ऐसे सांगितले, आणि तिघी मदत-खात्यात जाऊन वर्षाच्या आत चाकरी सोडोन गेल्या. संस्थानात म्हण पडली होती की बाळंतीण परत येते पण टिकत नाही. ती म्हण कोठे तयार जाहली ते ठिकाण बाईंनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. मुल्लाभाई मान खाली घालोन बोलिले, "कागद आला, मी नाव खोडलं. का म्हणून विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं." आणि वहीच्या त्या सर्व पानांची नक्कल काढून, आपली सही करोन, बाईंच्या हाती दिली.

शुक्रवारी दरबार भरला. मोठे साहेब मध्यभागी, उजवीकडे यशोधनराव, समोर निशिकांत, आणि कडेला बोलावल्यावरून मुल्लाभाई. मोठे साहेबांनी विचारिले, "दोष निघाला?" बाई बोलिल्या, "बुधवारीच निघाला. जमा करता येत नाही, कारण माझं नाव दारातून काढलंय." आणि कागद मेजावर ठेवून चार तारखा वाचून दाखविल्या, आवाज न चढविता, औषधाच्या वेळा वाचाव्या तशा. यशोधनराव गोड बोलिले, "साहेब, हा सुरक्षेचा नियम. जो दीर्घ रजेवर, त्याचा प्रवेश बंद. यात वैयक्तिक काही नाही." बाई बोलिल्या, "गेल्या साली निशिकांत पाय मोडून तीन महिने घरी होते. त्यांचं नाव काढलं होतं का?" सर्वांनी मुल्लाभाईंकडे पाहिले. मुल्लाभाई बोलिले, "नाही." निशिकांतांचा चेहरा उतरला, आणि ते बोलिले, "मॅडम, मला तर सांगितलं होतं की तुम्ही राजीनामा दिलाय." यशोधनराव बोलिले, "गैरसमज. मी म्हणालो होतो, देतील बहुधा." बाई बोलिल्या, "माझ्या वतीनं तुम्हीच ठरवलंत, सर. मला नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं."

मोठे साहेबांनी दोन्ही बाजूंस मान हलविली. ज्यास कोणास दुखवावयाचे नसते तो सर्वांस पुरून उरतो. निवाडा ऐसा जाहला की, शर्वाणीबाईंचे नाव तत्काळ यादीत घालावे आणि मदत-खात्याची नेमणूक रद्द करावी. आरक्षणाचे काम दोघांनी मिळोन पाहावे, वरचे नाव निशिकांतांचे, कारण कागद आधीच निघाले आहेत. यशोधनरावांस सुरक्षेविषयी दक्ष राहिल्याबद्दल शाबासकी. आणि यापुढे रजेवरील बाईमाणसाचे नाव काढावयाचे झाल्यास, आधी तिला संस्थानाच्या वतीने शुभेच्छापत्र पाठवावे. मग चहा आला. आणि बाईंनी आठ ओळी जमा केल्या, त्या क्षणात जमा जाहल्या, आणि ज्या दोघा-दोघांना एकच आसन मिळत होते त्या प्रवाशांची भांडणे त्या दिवसापासोन मिटली.

सायंकाळी घरी येऊन, लेकरू अंगावर घेऊन, ते पिता पिता त्याचे ओले बोट आपल्या हनुवटीवर फिरत असता, बाईंनी हेमांगीबाईंस फोन लाविला. हेमांगीबाई चिपळुणास, एका शाळेच्या कचेरीत दाखले टाइप करून देतात. ओळख सांगोन बाईंनी सर्व सांगितले. मग हेमांगीबाई बोलिल्या, "म्हणजे माझं मशीन बिघडलं नव्हतं?" "नाही." "आणि मीपण नाही?" "नाही हो ताई." मग हेमांगीबाई बोलिल्या, "अगं, मी घरी सांगितलं होतं, बाळंतपणात माझं डोकं गेलं म्हणून. नवरा बिचारा म्हणायचा, जाऊ दे, झेपत नाही तर नको करू. चार वर्षं मी कॉम्प्युटरसमोर बसले की हात पुसते आधी, घाम येतो म्हणून." मागोन लेकराचा आवाज आला, "आई, कोण आहे?" हेमांगीबाई त्यास बोलिल्या, "थांब बाळा, आई बोलतेय." आणि मग इकडे बोलिल्या, "बाकीच्या दोघींना मी सांगते. तू मुलीला घे. पिताना फोन नको, तिला कळतं सगळं."

येणेप्रमाणे पाच दिवसांचे वर्तमान. एडिटर निर्दोष होते आणि बाईंचे हातही निर्दोष होते. चौघींची नावे निघाली, तीन गेल्या, एक राहिली, तीही दुसऱ्याच्या नावाखाली. फायली आता चुटकीसरशी उघडतात. यशोधनराव त्याच जागी आहेत. आणि त्याच मजल्यावर, खिडकीशेजारी, एका बाईंस सांप्रत सातवा महिना चालू आहे, त्यांचे डोहाळजेवण माघात आहे. म्हणोन हे लिहिले.